जड कपाट जागचे का हलले?

"एवढे जड धूड आहे, ते कुठे जाते?" बिऱ्हाड हलवताना हे वाक्य कोणी उच्चारले नाही असे घर आम्हांला तरी माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या पुतणीचे बिऱ्हाड कल्याणहून नाशिकला निघाले, तेव्हा ते आमच्याच तोंडून गेले. टेम्पोच्या हौद्यात लोखंडी कपाट आडवे टाकले होते. गाद्या, डबे, सायकल, टीव्हीचे खोके, सगळे दोरीने आवळून बांधले. कपाट मात्र तसेच राहिले. चौघांनी मिळून ते वर चढवताना घाम फुटला होता, म्हणून ते आपोआप हलेल ही शंकाही कोणाला आली नाही. पुतणीचा दीर आणि त्याचा मित्र वारा लागू नये म्हणून केबिनला पाठ टेकून हौद्यातच बसले. त्यांचे पाय आणि कपाट यांत दोन हातांचे अंतर होते.

घोटी मागे पडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. एक म्हैस आडवी आली आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. टेम्पो थांबला, कपाट थांबले नाही. दिराच्या उजव्या पायाची नडगी मोडली. दोन महिने प्लॅस्टर होते आणि तेवढ्यात त्याची नव्यानेच लागलेली कंत्राटी नोकरी गेली. आम्ही आधी ड्रायव्हरला दोष दिला, मग म्हशीला.

आमची मुलगी त्या वेळी अकरावी विज्ञान शाखेला होती. आम्ही बी.कॉम., जमाखर्चापलीकडे शास्त्राशी आमचा संबंध कमीच. तिने विचारले, "पप्पा, कपाटाला टेम्पोबरोबर कोण नेत होतं?" आम्ही म्हणालो, टेम्पो. "पण टेम्पोने त्याला धरलं होतं कुठे?"

वाचकहो, या साध्या प्रश्नापाशी आम्ही अडलो. कपाट बांधलेले नव्हते, कशाला टेकलेलेही नव्हते. त्याला टेम्पोबरोबर ठेवणारी एकच गोष्ट होती : तळाच्या पत्र्याचे घर्षण. वस्तू घसरू लागण्याच्या आधी जे घर्षण तिला जागच्या जागी धरून ठेवते, त्याला पुस्तकात स्थितिक घर्षण म्हणतात.

याबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. घर्षण गतीला विरोध करते, असे आपण शाळेत पाठ केलेले असते. पण गाडी सुटून वेग घेऊ लागते तेव्हा हौद्यातली पेटी पुढे जाते ती घर्षणाच्याच जोरावर. तिला पुढे ढकलणारे दुसरे कोणी नसतेच. म्हणजे त्या वेळी घर्षणाची दिशा पुढची असते, आणि ब्रेक लावला की मागची. घर्षण विरोध करते ते घसरण्याला. गाडी सरळ रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या एकाच वेगाने चालली असेल, तर पेटीला घर्षणाची जवळपास गरजच पडत नाही. गरज पडते ती वेग वाढताना, कमी होताना आणि वळताना.

आता हे घर्षण किती? आमच्या कारकुनी डोक्याला ते असे उमगले : बँकेत ओव्हरड्राफ्टची मर्यादा मंजूर असते. जेवढी गरज तेवढेच पैसे आपण उचलतो, पण मर्यादेपलीकडे एक रुपया मिळत नाही. घर्षणाचेही तसेच आहे. लागेल तेवढेच ते देते, आणि मर्यादा संपली की वस्तू सुटते. सुटल्यावरची गोष्ट तर आणखी वाईट, कारण घसरत्या वस्तूवरचे घर्षण बहुधा या मर्यादेहून कमीच असते. एकदा निघालेले कपाट म्हणूनच आवरत नाही.

ही मर्यादा वस्तूच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. १६९९ साली फ्रान्समध्ये आमोंतां या गृहस्थाने तसा नियम मांडला. त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी लिओनार्दो दा विंची यानेही तो टिपून ठेवला होता, पण तो वह्यांतच राहिला. पुढे कुलोम याने पुष्कळ प्रयोग करून या विषयाची घडी बसवली आणि १७८१ साली फ्रेंच अकादमीचे पारितोषिक मिळवले.

आमच्यासारखे लोक फसतात ते इथेच. जड वस्तूला घर्षण जास्त, हे खरे. पण जड वस्तूला थांबवायला जोरही त्याच प्रमाणात जास्त लागतो. मुलीने हिशेब मांडून दाखवला. कपाट ८० किलोचे आणि लोखंडावर लोखंडाचा घर्षणाचा गुणांक सोयीसाठी ०.३ धरला, तर पत्रा कपाटाला फार तर २४ किलो वजनाएवढ्या जोराने धरू शकतो. जोराच्या ब्रेकमध्ये गाडीचा वेग दर सेकंदाला सेकंदी ५ मीटरने कमी झाला, तर कपाटाला गाडीबरोबर थांबवायला सुमारे ४१ किलोचा जोर हवा. तूट १७ किलोची! आता १० किलोची पेटी घ्या. हवेत ५ किलो, मिळतात ३. प्रमाण तेच. त्याच पत्र्यावर जी पेटी घसरते, तिच्याबरोबर कपाटही घसरते. वजन दोन्ही बाजूंना मांडले जाते आणि छेद जाऊन नाहीसे होते. उरतो तो फक्त गुणांक. फरक एवढाच, की १० किलोची पेटी पायावर आली तर खरचटते.

आमचा विश्वास बसेना. म्हणून मुलीने फळीवर पत्रा ठोकला, त्यावर रिकामा स्टीलचा डबा ठेवला आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलले. ब्रेक लावलेल्या गाडीत वस्तूला जसे ओढल्यासारखे होते, तसेच उतारावर होते. डबा निसटतो त्या क्षणी टोकाची उंची मोजायची आणि तिला खालच्या आडव्या अंतराने भागायचे, की गुणांक मिळाला. मग डब्यात गच्च तांदूळ भरले. डबा जवळजवळ त्याच उंचीवर निसटला! मुलीच्या आईने भाकरी थापणे थांबवून तीनदा तो प्रयोग करायला लावला. डब्याखाली गोणपाट घातले तर फळी आणखी उचलावी लागली, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातला तर दुपटीहून जास्त. आमच्या ऑफिसच्या चपलेची पाळीही आली. तिच्या झिजलेल्या तळाची जी शोभा झाली, ती इथे सांगत नाही.

कपाट आडवे ठेवले म्हणजे ते तळाला जास्त धरते, हाही भ्रमच. टेकलेले क्षेत्रफळ वाढले म्हणून घर्षण वाढत नाही. आडवे ठेवण्याचा फायदा वेगळा आहे : ते उलथत नाही. सहा फूट उंच आणि दीड फूट खोल कपाट उभे ठेवले आणि खाली चांगले रबर असले, तर ते घसरण्याआधीच आडवे होईल. त्याला वरच्या भागात दोर हवाच.

वळणाचा हिशेब तर ड्रायव्हरांनाही ऐकवावा असा आहे. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटर वेग असला, तर बाजूला तेवढेच घर्षण लागते जेवढे त्या म्हशीपुढच्या ब्रेकला लागले. वेग १८ वर आणला तर लागते त्याच्या चौथा हिस्सा. त्यात आपल्या रस्त्यांचे खड्डे. गाडी उसळली की वस्तूचा तळावरचा भार क्षणभर हलका होतो, तेवढी घर्षणाची मर्यादाही खाली येते. त्यामुळे ब्रेक न लावताही सामान इंच इंच सरकत राहते.

अमेरिकेच्या मालवाहतूक नियमांत बांधणी कशी असावी याचे माप दिलेले आहे. पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर सोसला पाहिजे, मागे आणि बाजूंना ०.५ पट. नुसत्या पत्र्याच्या घर्षणावर हे साधत नाही, हे वरच्या आकड्यांवरून दिसेलच.

तेव्हा सामान केबिनच्या पत्र्याला भिडवून लावावे, म्हणजे पुढे घसरायला जागाच उरत नाही. मधल्या फटींत गाद्या, उशा कोंबाव्यात. जड वस्तू तळाशी ठेवून त्यांच्याखाली रबर घालावे. दोर वरून खाली ओढून आवळावा. तो वस्तू अडवतो आणि तळावर दाबतोही, आणि त्या दाबाने घर्षण वाढते. वस्तूचे वजन न वाढता फक्त दाब वाढतो, म्हणून इथे तो छेद जात नाही. माणसे मात्र हौद्यात बसवूच नयेत. भाडे वाचते म्हणून आपण बसवतो, हे आम्हीही केले आहे.

पुतणीचा दीर आता चालतो, थोडा लंगडत. कपाटावर त्याच्या बुटाचा ओरखडा अजून आहे.

येत्या रविवारी आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेची चार कपाटे नव्या जागेत न्यायची आहेत. दोर आणून ठेवले आहेत. ट्यूब कमी पडतात. ज्यांच्या घरी सायकलच्या वा स्कूटरच्या जुन्या ट्यूब पडून असतील, त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत आणून द्याव्यात.