भाडे थकबाकी आणि भाडेकरूचे कायदेशीर संरक्षण : अमरावती-अकोल्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
अमरावतीचा जवाहर गेट परिसर किंवा अकोल्याचा टिळक रोड अशा जुन्या बाजारपेठांत वाडवडिलांच्या काळापासून भाड्याने घेतलेले गाळे व खोल्या आढळतात. त्यांचे भाडे बाजारभावाच्या मानाने अल्प असते. मात्र जागा गेली तर कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचे साधनच जाते. भाडे थकले की मालक लगेच बाहेर काढू शकतो, असा एक समज समाजात आहे. जुन्या भाडेकरूला कोणीच काढू शकत नाही, असा दुसरा समज आहे. हे दोन्ही समज कायद्याला धरून नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम १५ नेमके कोणते संरक्षण देते व ते कशामुळे गमावले जाते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वऱ्हाडातील पूर्वपीठिका :
मुंबई व पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई भाडे कायदा लागू होता. वऱ्हाडात मात्र मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४६ च्या कायद्याखाली काढलेला १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तरी हा आदेश कायम राहिला. त्यातील खंड १३ नुसार भाडेपट्टा संपविण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकाला भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. एकूण तीन महिन्यांचे भाडे थकले असल्यास नियंत्रक ते भरण्यास मुदत देई व ती पाळली न गेल्यास परवानगी मिळे. वारंवार भाडे थकविणे हे परवानगीचे स्वतंत्र कारण होते. परवानगीनंतर नोटीस आणि त्यानंतर दिवाणी दावा, असा हा दुहेरी मार्ग होता.

दिनांक ३१ मार्च २००० पासून १९९९ चा अधिनियम लागू झाला व जुने कायदे रद्द झाले. त्या दिवशी प्रलंबित असलेली प्रकरणे जुन्याच तरतुदींनुसार चालविण्याची सोय कलम ५८ मध्ये करण्यात आली. नव्या प्रकरणांत मात्र नियंत्रकाच्या परवानगीचा टप्पा उरला नाही. मालकाची नोटीस आल्यावर ‘अजून नियंत्रकाकडे जायचे आहे’ असे मानून जो भाडेकरू स्वस्थ बसेल, त्याचे पहिले नुकसान तेथेच होते.

कलम १५ ची रचना :
भाडेकरू प्रमाण भाडे व अनुज्ञेय वाढ देत आहे किंवा देण्यास तयार व राजी आहे आणि भाडेदारीच्या इतर अटी पाळत आहे, तोपर्यंत मालकाला ताबा मागता येत नाही, हे या कलमाचे मूळ तत्त्व आहे. थकबाकी झाल्यास कायदा भाडेकरूला दोन संधी देतो.

पहिली संधी दाव्यापूर्वीची आहे. मालकाने थकीत भाड्याची लेखी मागणी करणारी नोटीस मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ मधील पद्धतीने बजावली पाहिजे. ती बजावल्यापासून नव्वद दिवस संपेपर्यंत थकबाकीच्या कारणावरून दावा दाखल करता येत नाही.

दुसरी संधी दाव्यानंतरची आहे. समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांच्या आत भाडेकरूने त्या वेळी देय असलेले सर्व भाडे, थकबाकीवर दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह, दिले किंवा न्यायालयात भरले पाहिजे. पुढे दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरून न्यायालय सांगेल तो दावाखर्चही दिला, तर निष्कासनाचा हुकूमनामा होत नाही.

एका उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. समजा, गाळ्याचे भाडे दरमहा १,००० रुपये असून दहा महिन्यांचे भाडे थकले आहे. नोटिशीनंतरच्या नव्वद दिवसांत १०,००० रुपये व त्या काळातील चालू भाडे दिल्यास प्रश्न तेथेच मिटतो. ही संधी दवडली व समन्स येईपर्यंत आणखी चार महिने गेले, तर देय भाडे १४,००० रुपये होते आणि त्यावर व्याज. दहा हजारांचे वर्षभराचे व्याजच १,५०० रुपये होते. नोटिशीतील आकडा पाहून केवळ दहा हजार भरणाऱ्याने कलमातील अट पूर्ण केली, असे होत नाही.

‘नियमित’ हा शब्दही महत्त्वाचा आहे. मुंबई कायद्यातील तत्सम तरतुदीचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये असे स्पष्ट केले की, कायद्यातील अटी पूर्ण न करणाऱ्या भाडेकरूला केवळ सहानुभूतीपोटी संरक्षण देण्याचा स्वेच्छाधिकार न्यायालयाला नाही.

पुराव्याचे महत्त्व :
जुन्या भाडेदारीत व्यवहार बहुधा तोंडी व रोखीने होतो. भाड्याची लेखी पावती देणे कलम २६ नुसार मालकावर बंधनकारक आहे. मालक पावती देत नसेल वा भाडे स्वीकारत नसेल, तर बँकेमार्फत रक्कम पाठवून नोंद जपावी व लेखी कळवावे. भाड्याच्या रकमेविषयी वाद असल्यास कलम ८ अन्वये प्रमाण भाडे ठरवून मागता येते. परंतु वाद आहे म्हणून भाडेच थांबविणे धोक्याचे ठरते. दुसरीकडे, भाडे थकले तरी मालकाला पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सेवा तोडून जागा रिकामी करून घेता येत नाही. कलम २९ त्यास मनाई करते.

संरक्षणाच्या मर्यादा :
हे संरक्षण भाडेकरूला आहे, परवानाधारकाला नाही. विद्यार्थी व नोकरदार ज्या अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहतात, त्याची मुदत संपल्यावर निवासी जागेचा ताबा कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत मिळविता येतो. तसेच बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाड्याने दिलेल्या जागा अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहेत.

निष्कर्ष :
कलम १५ हे भाडे बुडविणाऱ्याचे कवच नसून अडचणीत सापडलेल्या परंतु भाडे देऊ इच्छिणाऱ्या भाडेकरूला दिलेली मुदत आहे. मालकाचे भाडे व्याजासह वसूल व्हावे आणि भाडेकरूचा निवारा टिकावा, असा दुहेरी हेतू त्यात दिसतो. हक्क मोठा असला तरी त्याचे रक्षण पावती, तारीख आणि पूर्ण रक्कम या साध्या गोष्टींवर अवलंबून आहे. महाविद्यालयांच्या विधी साक्षरता उपक्रमांतून निदान एवढी माहिती जुन्या वस्त्यांतील भाडेकरूंपर्यंत नोटीस येण्यापूर्वी पोहोचावी, ही अपेक्षा.