इंजिन बांधण्याआधी माप घ्या

पावसाळ्यात कारखान्याचे गळीत बंद असते, त्याच दिवसांत आपल्या दारातले ट्रॅक्टर खोलायला निघतात. हंगामभर दोन-दोन ट्रॉल्या ओढून इंजिन दमलेले असते. धूर वाढतो, ऑइल खाते, चढाला दम निघतो. मग मिस्त्री येतो, इंजिन उतरते, सामानाची यादी होते : पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट. सभासद तालुक्याला जाऊन यादीप्रमाणे नवे सामान आणतो आणि आठ दिवसांत इंजिन बांधून तयार. या सगळ्या घाईत एक काम बहुधा राहून जाते, ते म्हणजे माप घेण्याचे. त्याविषयी सभासद बंधू-भगिनींशी दोन शब्द बोलायचे आहेत.

मागे आपल्याच एका सभासदाच्या ट्रॅक्टरचे असे झाले. झिजलेले बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून घ्यायचे ठरले. पिस्टन अजून दुकानात यायचे होते, पण लेथवाल्याकडे नंबर लागला होता, म्हणून पुस्तकातल्या आकड्यावर बोअर करून टाकले. मागाहून पिस्टन आले, बसवले. हाताने फिरवताना इंजिन जरा घट्ट लागत होते. "नवं आहे, फिरंल तसं मोकळं होईल," असे मिस्त्री म्हणाला. दारात तासभर ते चांगले चालले. हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात भरल्या ट्रॉल्या घेऊन चढाला लागले आणि तिथेच जाम झाले. ऊस तोडून पडलेला, टोळी फडात बसून, मागे वाहनांची रांग. तोडलेला ऊस वाळला की वजन किती घटते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

"अहो, सगळं सामान नवं टाकलंय की!" असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याचे म्हणणे खरे होते. इंजिन खोलल्यावर चांगला राहिलेला एक पिस्टन मापला. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले, तर पिस्टन आणि बोअर यांच्यात फट होती तीन भागांची. पुस्तकाप्रमाणे ती बारा हवी होती. माणसाचा केस साधारण पाच ते दहा भाग जाड असतो. म्हणजे केसाएवढ्या चुकीने ट्रॅक्टर रस्त्यात बसला.

फट ठेवायची कशाला, असे कुणी विचारील. पिस्टन अॅल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. शंभर मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा तुकडा शंभर अंशांनी तापला तर सुमारे तेवीस भाग वाढतो, बीड सुमारे अकराच. शिवाय पिस्टन बोअरपेक्षा जास्त तापतो. थंड असताना ठेवलेली फट गरम झाल्यावर खर्ची पडते. दारात मोकळ्या चालणाऱ्या इंजिनाला एवढा ताप होत नाही, म्हणून तिथे सगळे ठीक दिसते.

नवा भाग आणला की तो बसणारच, हा आपला विश्वास आला कुठून? १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स इथे अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी पार सुट्या केल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, काही भाग बाजूला काढून त्याजागी गुदामातले नवे घातले आणि मोटारी पुन्हा बांधल्या. तिन्ही मोटारी पुढे ५०० मैल धावल्या. त्या काळी ही मोठीच नवलाई होती. पण तिथे सगळेच भाग कारखान्यातून मापात आलेले होते. आपल्या इंजिनात निम्मे नवे आणि निम्मे जुने. ब्लॉक जुना, क्रँक जुना, त्यावर लेथचा हात फिरलेला. पेटीवरच्या आकड्याची हमी इथे निम्मीच उरते.

म्हणून पिस्टन आधी आणावेत, लेथवाल्याच्या हातात द्यावेत आणि प्रत्येक पिस्टन मापून त्याचे बोअर करून घ्यावे. पिस्टन मापायचा तो खालच्या बाजूला, गजन पिनच्या आडव्या दिशेने. वर माप घेतले तर फसगत होते, कारण पिस्टन पूर्ण गोल नसतो आणि वर निमुळता असतो. जुने बोअर मापताना वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मापावे. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे झीज सर्वांत जास्त असते. उन्हात तापलेला ब्लॉक किंवा मशीनवरून नुकताच उतरलेला क्रँक लगेच मापू नये. सगळे सामान रात्रभर एकाच सावलीत ठेवून सकाळी मापावे.

रिंगांची तपासणी तर घरच्या घरी होते. रिंग बोअरमध्ये घालावी, पिस्टन उलटा धरून तिला सरळ आत ढकलावी आणि दोन टोकांमधली फट फिलर गेजने पाहावी. शंभर मिलिमीटरच्या बोअरला ती साधारण तीस ते चाळीस भाग असते. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात मिळतो. कमी असेल तर तापल्यावर टोके भिडून रिंग मोडते, बोअरला ओरखडे पडतात. फार जास्त असेल तर कॉम्प्रेशन गळते. फिलर गेज महाग वस्तू नाही, ट्रॅक्टर असलेल्या प्रत्येक घरी असावे.

बेअरिंगचे तसेच. क्रँक पाव मिलिमीटर घासला की अर्धा, हे पेटी उघडण्याआधी मायक्रोमीटरने ठरवावे. टोपी टॉर्क पान्याने पुस्तकाप्रमाणे आवळून मगच आतले माप घ्यावे, नाही तर ते माप खोटे. दाबून फट दाखवणारा मेणासारखा बारीक धागाही बाजारात मिळतो. तो ठेवल्यावर क्रँक फिरवायचा नाही, एवढे लक्षात ठेवावे. बेअरिंग सैल वाटते म्हणून खाली कागद किंवा पत्रा घालण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. त्याने उष्णता बाहेर जात नाही आणि ऑइलचे भोक बुजायचा धोका असतो. टोप्यांवरचे नंबरही पाहून घ्यावेत. एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही.

मिस्त्रीला "माप दाखवा" म्हटले की त्याला वाटते, मालकाचा आपल्यावर भरवसा नाही. वजनकाट्यावर गाडी चढली की आपण आकडा स्वतः पाहतो, त्यात काट्यावरच्या कारकुनाचा अपमान असतो का? चांगला मिस्त्री उलट वही पुढे करतो. प्रत्येक बोअर, पिस्टन आणि रिंगेचे माप तारखेसह वहीत उतरवले, तर पुढच्या वेळी किती झिजले तेही कळते. आणि क्रँक बसवल्यावर, मग प्रत्येक पिस्टन घातल्यावर, इंजिन एकदा हाताने फिरवून पाहावे. रिंगांमुळे थोडा जोर लागतो. पण कुठे एकाच जागी अडले, तर तिथेच थांबून ते खोलावे.

त्या सभासदाचे बोअर पुन्हा होनिंग करून मापात आणले, खराब झालेला पिस्टन आणि त्याच्या रिंगा बदलल्या. या वेळी तो स्वतः लेथवर बसून होता, चारही आकडे त्याने खिशातल्या ऊसबिलाच्या पाठीमागे लिहून घेतले. ट्रॅक्टर परत वाहतुकीला लागेपर्यंत अठरा दिवस गेले होते.