दोन झाकीर हुसेन

कराडच्या आमच्या वर्गात ‘झाकीर हुसेन कोण?’ असे विचारले, की मुले बाकावर बोटे वाजवतात. बरोबरच आहे. उस्ताद अल्लारखाँ कुरेशींचे चिरंजीव, १९५१ साली माहीमला जन्मलेले तबलानवाज. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले.

आम्ही बी.एड.ला वाचले ते दुसरे. १९२६ ते १९४८ जामिया मिल्लियाचे शेख-उल-जामिया, १९६७ साली देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती. उर्दूत दोघांच्या नावाचे हिज्जे एकच! पण आम्हा शिक्षकांना त्यांची ओळख वर्ध्याची. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीमचा आराखडा त्यांच्याच समितीने तयार केला: मुलाने हाताने काम करीत, मातृभाषेतून शिकावे.

परवा आम्ही वर्गात टकळी नेली. सूत कुणालाच निघेना; बाकावरचा ठेका तेवढा चालू होता.