सुकं फडकं हाच गाडीच्या रंगाचा दुश्मन! घरच्या घरी गाडी कशी धुवायची, वॅक्स कसं करायचं?

अब्बांनी २०१३ साली निवृत्तीच्या पैशातून गाडी घेतली. गडद निळ्या रंगाची, छोटी. घरातली पहिली चारचाकी. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ती पुसून ठेवायचं काम मी स्वतःकडे घेतलं. हातात जुन्या बनियनचं फडकं, आणि पाच मिनिटांत टपापासून डिकीपर्यंत गाडी चकाचक. अब्बा खुश, मीही खुश.

दोन-अडीच वर्षांनी एका लग्नाहून रात्री परतताना पेट्रोल पंपावर थांबलो. वरच्या दिव्याच्या उजेडात बॉनेट पाहिलं आणि धस्स झालं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे, सगळीकडे. अब्बा म्हणाले, "अरे, तू तर रोज पुसतोस. मग हे कसं झालं?"

उत्तर मला नंतर कळलं. रोज पुसत होतो, म्हणूनच झालं होतं.

त्यानंतर एका दुकानात मशीन फिरवून घेतली. आठ-दहा दिवस गाडी आरशासारखी. दोन-तीन वेळा धुतल्यावर सगळे ओरखडे परत हजर! ते काढलेच नव्हते, तेलकट पॉलिशने भरून झाकले होते. पैसे गेले, पण अक्कल आली. तेव्हापासून हे काम मी घरीच करतो. त्यात जादू काही नाही. थोडी माहिती आणि बराच सब्र लागतो.

रंग म्हणजे नेमकं काय?

आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर एकावर एक थर असतात. खाली गंजापासून वाचवणारा थर आणि प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चमक दिसते ती या क्लिअर कोटची. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच वाचवतो.

हा थर किती जाड असतो? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. एका मिलीमीटरमध्ये १००० मायक्रॉन असतात आणि आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे गाडीचं सगळं रूप केसापेक्षाही पातळ अशा थरावर उभं आहे.

आता धुळीचा विचार करा. आमच्याकडे मराठवाड्यात उन्हाळ्यात सकाळी पुसलेली गाडी दुपारी मातकट होते. या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. सुक्या फडक्याखाली ते पॉलिश पेपरसारखं काम करतात. चष्म्यावर धूळ असताना सदऱ्याच्या टोकाने काच पुसली की काय होतं, ते चष्मेवाल्यांना विचारा. तेच गाडीचं होतं.

ओरखडे गोल का दिसतात, असं मुलगी विचारते. खरं तर ते सगळ्या दिशांना असतात. पण दिव्याचा उजेड ठराविक दिशेच्या ओरखड्यांवरूनच आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. त्यामुळे दिव्याभोवती गोल जाळं असल्यासारखं वाटतं.

काही जण फडक्याला थोडं डिझेल किंवा रॉकेल लावून गाडी पुसतात. तासभर चमक येते, मग त्या तेलकटपणावर दुप्पट धूळ बसते. हे करू नका.

धुणं: दोन बादल्यांची पद्धत

पाणी जपून वापरायचं आहे, तर पाईप सोडून उभं राहू नका. तुमच्या पाईपने २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते, ते एकदा मोजून बघा. दहा मिनिटं पाईप चालू ठेवला तर किती बादल्या गेल्या, हा हिशोब मुलांकडून करून घ्या. मुलंच पुढच्या वेळी नळ बंद करतील. छोटी गाडी तीन-चार बादल्यांत नीट धुऊन होते.

सामान थोडंच लागतं: दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा आणि पुसायला मायक्रोफायबरची मोठी कापडं. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण नको. त्याने आधी लावलेलं वॅक्स धुऊन जातं आणि रबर, प्लास्टिकही लवकर रूक्ष होतं.

गाडी सावलीत हवी, पत्रा हाताला थंड लागायला हवा. मे महिन्यात उन्हातल्या गडद गाडीचा पत्रा ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. अशा पत्र्यावर शाम्पू जागच्या जागी सुकतो आणि डाग पडतात. म्हणून सकाळी लवकर किंवा अस्रनंतर ऊन उतरल्यावर काम काढा.

आधी चाकं धुवा, वेगळ्या कापडाने. ब्रेकची लोखंडी धूळ तिथेच असते, ते कापड रंगाला लावायचं नाही. मग वरून पाणी ओतून सुटी माती खाली वाहू द्या. जितकी माती पाण्याने गेली, तितकी हाताखाली कमी.

एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शाम्पूत बुडवून टप धुवा. परत शाम्पूत घालण्याआधी साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून पिळा. माती त्या बादलीत राहील, गाडीवर परत येणार नाही. सगळा खेळ या दुसऱ्या बादलीचा आहे. टप, काचा, बॉनेट, दरवाजे आणि शेवटी खालची पट्टी, असं वरून खाली या. हात सरळ रेषेत चालवा, जोर देऊ नका.

बोअरचं पाणी असेल तर गाडी वाऱ्यावर सुकायला सोडू नका. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके उरतात. कापड पसरवून हलकेच टिपून घ्या. कापड जमिनीवर पडलं तर ते धुतल्याशिवाय गाडीला लावायचं नाही, हा आमच्या घरातला कायदा आहे.

धुतली तरी खरखरीत?

हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि धुतलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवा. बारीक दाणे लागले तर ती चिकटलेली लोखंडी धूळ, डांबर, झाडाचा चीक. हे शाम्पूने निघत नाही. त्यासाठी क्ले बार मिळतो, मुलांच्या खेळातल्या चिकणमातीसारखा. पत्रा शाम्पूच्या पाण्याने चांगला ओला करून क्ले हलकेच फिरवायचा. मळका झाला की घडी घालून नवी बाजू वर घ्यायची. खाली पडला तर मोह न धरता फेकून द्यायचा, कारण त्यात खडे रुतलेले असतात. वर्षातून एक-दोनदा हे पुरेसं आहे.

पॉलिश वेगळं, वॅक्स वेगळं

इथे बहुतेकांची गफलत होते, माझीही झाली होती. रबिंग कंपाउंड आणि पॉलिश यात घासणारे बारीक कण असतात. ते क्लिअर कोटचा थोडा थर काढतात आणि ओरखड्याच्या कडा सपाट करतात. म्हणून ओरखडा नाहीसा होतो. पण काढलेला थर परत येत नाही. दर दिवाळीला, दर ईदला रबिंग करून घेणं म्हणजे गाडीचं आयुष्य खरवडणं.

निव्वळ वॅक्स काही काढत नाही, ते वर बसतं. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळतं. कोरड्या हवेत पानातली ओल टिकावी म्हणून झाड स्वतःच ते बनवतं. तेच आपल्या गाडीवर पाणी, धूळ आणि पक्ष्यांची घाण यांच्यासमोर पडदा होतं. आपल्या उन्हात ते दीड-दोन महिने टिकलं तरी खूप. कृत्रिम सीलंट त्यापेक्षा जास्त टिकतं, चमक थोडी वेगळी देतं.

मी काय केलं? हाताने, बारीक पॉलिशने, एकेक भाग घेऊन दोन रविवार घालवले. सगळे ओरखडे गेले नाहीत, पण जाळं विरळ झालं. तिथेच थांबलो. मशीन हाताळायची सवय नसेल तर धारेवर आणि कोपऱ्यांवर मुळीच चालवू नका. तिथे रंग पातळ असतो, क्षणात खालचा थर दिसतो.

वॅक्स लावताना

गाडी धुतलेली, सुकलेली, सावलीत. स्पंजवर बोटाच्या पेराएवढं वॅक्स घ्या आणि एका वेळी अर्धं बॉनेट किंवा एक दरवाजा एवढंच करा. थर इतका पातळ हवा की जेमतेम दिसावा. जाड लावलं तर फायदा वाढत नाही, फक्त पुसताना दम निघतो.

काही मिनिटांत त्यावर धुकं धरतं. बोट फिरवून बघा. स्वच्छ रेघ उमटली तर तयार, चिकट फराटा आला तर थांबा. डब्यावर वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. मग स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा, मध्येच कापडाची बाजू बदला. काळ्या प्लास्टिकला वॅक्स लागू देऊ नका, पांढरे डाग बसतात आणि सहज निघत नाहीत. मॅट रंगाच्या गाडीला हे वॅक्स नकोच. नुकतंच पेंटिंग झालं असेल तर पेंटरला विचारून, रंग पूर्ण मुरल्यावरच लावा.

पुढच्या वेळी पाणी टाकलं की टपोरे थेंब होऊन घरंगळताना दिसतील. थेंब पसरट होऊ लागले, की परत वॅक्सची वेळ झाली असं समजा. मी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर नक्की करतो, मध्ये जमेल तसं.

रोजच्या अडचणी

पक्ष्यांची घाण: ही आम्लधर्मी असते आणि तापलेल्या पत्र्यावर क्लिअर कोट खाते. आमच्या कडुनिंबाखाली एका सुट्टीत चार दिवस गाडी उभी राहिली, त्याचा खड्डा बॉनेटवर आजही आहे. दिसली की ओलं कापड पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ झाल्यावर उचलून घ्या. खरवडू नका.

लग्नाची सजावट: निकाहची गाडी म्हणून फुलं, फुगे आणि चिकटपट्टी लागते. त्याच रात्री काढा. ऊन खाल्लेली पट्टी गोंद सोडून जाते. केस वाळवायच्या ड्रायरने कोमट करून ओढा, उरलेल्या गोंदाला खोबरेल तेल लावा, पुसा आणि शाम्पूने धुवा.

बोअरच्या पाण्याचे ठिपके: पांढरा व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून मिनिटभर लावा, लगेच भरपूर पाण्याने धुवा. नंतर वॅक्स करा, कारण व्हिनेगरने तेही निघालेलं असतं.

मायक्रोफायबरची कापडं: सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, कम्फर्टसारखं सॉफ्टनर घालू नका.

जे वॅक्सने होणार नाही

ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो खोल आहे, वॅक्स किंवा पॉलिशने जाणार नाही. पत्रा दिसत असेल तर गंज धरण्याआधी टचअप करून घ्या. टपावरचा क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटत असेल तर तिथे फक्त पेंटर कामाचा. कुणी डबा दाखवून "सगळं ठीक होईल" म्हणत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

आमच्या गाडीला आता बारा वर्षं होऊन गेली. अब्बा स्वतः चालवत नाहीत, पण रविवारी खुर्ची टाकून बसतात आणि दुसरी बादली भरली का ते बघतात. परवा शेजारचा मुलगा नव्या गाडीवरून सुकं फडकं मारत होता. अब्बांनी त्याला हाक मारून थांबवलं आणि आमच्या बॉनेटवरचे उरलेले ओरखडे दाखवले. म्हणाले, "बेटा, हे धुळीने नाही झालं. आमच्या पुसण्याने झालं."