मयतीचा धंदा आणि मताचा हक्क

सप्टेंबर १९५५ ची गोष्ट. अमेरिकेतल्या शिकागो शहरात आगगाडीने एक बंद पेटी आली. पेटीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचे प्रेत होते. सुटीत तो मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे गेला होता. दुकानातल्या गोऱ्या बाईची छेड काढली असा आळ घेऊन गोऱ्यांनी त्याला रात्री घरातून उचलून नेले, हालहाल करून मारले आणि नदीत फेकले. पेटी उघडायची नाही या अटीवरच ती मिसिसिपीबाहेर पडली होती. पण आई मेमी टिल हटून बसली, माझे लेकरू मला पाहायचे आहे.

पेटी उघडली ती ए. ए. रेनर या काळ्या अंडरटेकरने. अंडरटेकर म्हणजे प्रेत धुण्या-सजवण्यापासून पुरेपर्यंत मयतीची सारी व्यवस्था पाहणारा धंदेवाला. अट मोडली तर आपल्यावर काय बेतेल हे रेनरला कळत होते. तरी त्याने आईचे ऐकले. माझ्या मुलाचे काय केले ते जगाला पाहू द्या, असे त्या माऊलीने ठरवले आणि उघड्या पेटीपुढून हजारो माणसे रडत गेली. "जेट" या काळ्यांच्या साप्ताहिकाने तो विद्रूप चेहरा छापला. अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याला जी धग लागली, त्यात या फोटोचा मोठा वाटा आहे.

वाचकहो, आपल्याला प्रश्न पडेल की एका मयतीवाल्याला एवढे बळ आले कुठून?

त्या काळी काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात, शाळेत, दवाखान्यात जागा नव्हती. मेल्यावरही नव्हती. स्मशाने वेगळी. बहुतेक गोरे अंडरटेकर काळ्यांच्या प्रेताला हात लावीत नसत, लावला तर मागच्या दाराने. म्हणून हा धंदा काळ्यांच्याच हाती राहिला. गरीब माणसे आठवड्याला चार पैसे भरून मयतीचा विमा काढीत. आपल्या चाळीतल्या मयत फंडासारखेच ते. त्यातून अंडरटेकरकडे पैसा आला, मोटारी आल्या, सभेला पुरेल एवढा हॉल आला. आणि सर्वांत मोठी गोष्ट, त्याची भाकरी गोऱ्या मालकाच्या हातात नव्हती. शाळामास्तराने तोंड उघडले की नोकरी जाई. अंडरटेकरला नोकरीवरून काढणार कोण?

आपल्या वाडवडिलांनीही मेलेली ढोरे ओढली, मयतीचा सांगावा घेऊन गावोगाव पाय झिजवले, सरणाची लाकडे वाहिली. पण तिथे भाकरी गावाच्या हातची होती. तोंड उघडले की बलुते बंद. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणले ते या गुलामीवरच. काम मयतीचेच, पण मजुरी कोण देतो यावर माणसाची मान ताठ राहते की खाली जाते ते ठरते.

डेट्रॉइट शहरातले चार्ल्स डिग्ज हे असेच अंडरटेकर, मूळचे मिसिसिपीचे. "हाउस ऑफ डिग्ज" हा त्यांचा मोठा धंदा. १९३६ साली ते मिशिगन राज्याच्या सिनेटवर निवडून आले. हॉटेलात किंवा दुकानात रंगावरून माणसाला नाकारणे हा गुन्हा ठरवणारा कायदा पुढे झाला, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडे पुढारी मतांसाठी मयतीला हजर राहतो, तिकडे मयतीवालाच पुढारी झाला! प्रत्येक घरचे दुःख त्याला ठाऊक, प्रत्येक घर त्याला ओळखते.

त्यांचा मुलगा चार्ल्स डिग्ज ज्युनिअर याने याच धंद्याचे रीतसर शिक्षण घेतले, नंतर १९५४ च्या निवडणुकीत अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आला. तेव्हा तिथे काळे सभासद अवघे तीन. टिल खटल्याला हा तरुण खासदार डेट्रॉइटहून मिसिसिपीत गेला. काळा माणूस खासदार असतो हेच तिथल्या पोलिसांना पटेना. गर्दीच्या कोर्टात त्याला काळ्या पत्रकारांच्या लहानशा टेबलापाशी जागा मिळाली. बारा गोऱ्या ज्यूरींनी ६७ मिनिटांत आरोपींना सोडून दिले. पुढे पैसे घेऊन त्याच आरोपींनी एका मासिकात खुनाची कबुली दिली! डिग्ज त्यानंतर पंचवीस वर्षे काँग्रेसमध्ये राहिला. १९७१ साली काळ्या खासदारांची संघटना उभी राहिली तिचा पहिला अध्यक्ष तोच. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारविरुद्धही तो लढला.

पण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बापावर लाचेचा गुन्हा शाबीत झाला होता, त्याने तुरुंग भोगला. मुलाने आपल्या नोकरांचे पगार कागदावर फुगवले आणि वरचा पैसा स्वतःच्या खर्चाला वापरला. १९७८ साली तो दोषी ठरला, तरी त्याच वर्षी लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिले. लोकांच्या या प्रेमाचे कौतुक करावे की काळजी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. १९८० साली त्याने राजीनामा दिला आणि तुरुंगात गेला. सुटल्यावर मेरीलँड राज्यात पुन्हा मयतीचे दुकान थाटले. १९९८ साली तो वारला.

अलाबामातल्या माँटगोमेरीचे रूफस लुईस यांची गोष्ट वेगळी. ते सासुरवाडीच्या मयतीच्या धंद्यात होते. मताची नोंदणी हा त्यांचा ध्यास. त्यांनी एक क्लब काढला, त्यात मतदार म्हणून नाव नोंदवलेल्यांनाच प्रवेश! करमणूक हवी तर आधी यादीत नाव घाला. डिसेंबर १९५५ मध्ये बस बहिष्कार सुरू झाला तेव्हा सत्तावीस वर्षांाच्याही आतल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव अध्यक्षपदासाठी लुईस यांनीच सुचवले. कामावर जाणाऱ्या आयाबहिणींसाठी शेकडो मोटारींची सोय करणाऱ्या समितीचे प्रमुखही तेच. १९७६ साली ते अलाबामाच्या कायदेमंडळात निवडून गेले.

आणि रेनर? त्यांचा मुलगा सॅमी रेनर याने बापाचा धंदा चालवला आणि १९६७ साली तो शिकागोचा नगरसेवक झाला. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी घरात घुसून ब्लॅक पँथरचा एकवीस वर्षांचा पुढारी फ्रेड हॅम्प्टन याला गोळ्या घातल्या. त्याचे प्रेत रेनर यांच्याच हॉलमध्ये आले. चौदा वर्षांपूर्वी टिलसाठी लागली होती तशीच रांग पुन्हा लागली. तीन वर्षांनी, १९७२ साली, मुंबईतल्या आपल्या पोरांनी संघटना काढली आणि पँथर हे नाव तिकडूनच घेतले.