ढगात शिरल्यावर कानाचं ऐकू नये

मुळशी तालुक्यातल्या बावधनच्या डोंगरात २ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी हेलिकॉप्टर कोसळलं आणि तिघांचा जीव गेला. त्या वेळी परिसरात दाट धुकं होतं. अशी बातमी आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो: वैमानिक अनुभवी असूनही असं कसं होतं? अपघाताचं कारण ठरवणं हे चौकशीचं काम. पण धुक्यात नुसता अनुभव का पुरत नाही, याचं उत्तर विज्ञानाने कधीच दिलेलं आहे.

आपण वळतो आहोत हे अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधल्या द्रवावरून मेंदूला कळतं. पाण्याने भरलेला तांब्या जागच्या जागी गोल फिरवून पाहा. सुरुवातीला पाणी मागे राहतं, मग तांब्याबरोबर फिरू लागतं आणि तांब्या थांबवला तरी ते फिरतच राहतं. कानातही हेच घडतं. एकसारखं वळण दहा-वीस सेकंद टिकलं की मेंदू म्हणतो, ‘सरळ चाललंय.’ वैमानिकाने विमान खरोखर सरळ केलं की त्याला ते उलट्या बाजूला वळल्यासारखं वाटतं. मग तो ‘दुरुस्ती’ करतो आणि पुन्हा पहिल्याच वळणात शिरतो. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडायचं प्रशिक्षण नसलेल्या २० वैमानिकांची परीक्षा घेतली. बाहेरचं दिसेनासं झाल्यावर विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. पुरती तीन मिनिटंही नाहीत!

या शास्त्राचा खरा मानकरी मला विल्यम ओकर वाटतो. १९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिसी फील्डवर डॉ. डेव्हिड मायर्स यांनी या लष्करी वैमानिकाला डोळे मिटून फिरत्या खुर्चीत बसवलं, तेव्हा त्याला स्वतःची दिशा ओळखता येईना. मग ओकरने एका खोक्यात वळणदर्शक बसवला आणि त्यात डोकावत तो पुन्हा खुर्चीत बसला. या खेपेला त्याची उत्तरं बरोबर आली. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटलने झाकलेल्या कॉकपिटमधून उड्डाण करून विमान उतरवलं आणि कीर्ती त्याला मिळाली. पण दोष धैर्यात नसून शरीरात आहे आणि त्यावर सरावाने मात करता येते, हे ओकरने आधीच दाखवलं होतं.

आजचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडण्याची परवानगी, याच सरावावर मिळतं. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार त्यासाठी मुख्य वैमानिक म्हणून ५० तासांचं क्रॉस-कंट्री उड्डाण आणि उपकरणांवरचे ४० तास लागतात. त्यातले काही तास सिम्युलेटरवर चालतात. शिवाय लेखी परीक्षा असते आणि परीक्षकासमोर उड्डाण करून दाखवावं लागतं. प्रशिक्षणात डोळ्यांवर हूड चढवून बाहेरचं दृश्य तोडतात. प्रशिक्षक विमान वेडंवाकडं करून हातात देतो. शिकणाऱ्याने कृत्रिम क्षितिज, उंची, वेग पाहून ते सावरायचं. नजर एकाच तबकडीवर खिळू न देता सगळी उपकरणं एकमेकांशी ताडून पाहायची. उतरताना ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही, तर विचार करत न बसता पुन्हा वर जायचं. भारतात हे रेटिंग दरवर्षी नूतनीकरण करून घ्यावं लागतं, आणि ते योग्यच आहे. ही सवय लवकर मोडते.

तरीही या रेटिंगने डोंगर बाजूला होत नाहीत. ७ जुलै १९६२ रोजी मुंबईकडे येणारं अलिटालियाचं डीसी-८ रात्रीच्या अंधारात जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. त्यात ९४ जण गेले. आपण मुंबईच्या अधिक जवळ आहोत असं समजून वैमानिकाने लवकर उंची सोडली होती. सुरक्षित उंची कळण्यासाठी आपण नेमके कुठे आहोत ते आधी कळावं लागतं. विमानतळावर रेडिओ मार्गदर्शन असतं, आखलेले मार्ग असतात. डोंगरातल्या साध्या हेलिपॅडवर यातलं काहीच नसतं, मग रेटिंग असूनही तिथल्या धुक्यात ते अपुरं पडतं.

म्हणून पुढच्या वेळी बातमीत ‘इतक्या हजार तासांचा अनुभव’ वाचाल, तेव्हा त्यातले उपकरणांवरचे तास किती, शेवटचा सराव कधीचा आणि तिथे उपकरणांवर उडण्याची सोय होती का, हे विचारा. आणि धुक्यामुळे कुणा वैमानिकाने उड्डाण नाकारलं, तर त्याच्यावर घाईचा दबाव आणू नका. तो त्याच्या प्रशिक्षणाला जागतो आहे.