अँपरसँड लावले म्हणजे सेवा झाली काय?

युनिक्स यंत्रावर सर्व्हर चालवण्याचा प्रसंग ज्याच्यावर येतो, त्याला कोणी ना कोणी असा सल्ला देतोच की, आज्ञेच्या शेवटी अँपरसँडचे चिन्ह जोडावे, म्हणजे प्रोग्राम पडद्याआड जातो आणि आपण खुशाल टर्मिनल मिटून घरी जावे. हा सल्ला इतक्या जाणत्या मंडळींच्या तोंडून मी ऐकला आहे की, आता तो कानी पडताच सौजन्य टिकवणे जड जाते.

वस्तुतः त्या चिन्हाने शेलला एवढाच हुकूम होतो की, हे काम संपण्याची वाट न पाहता पुढची आज्ञा घे. प्रोग्राम त्याच सत्रात, त्याच टर्मिनलला बांधलेला राहतो. त्याने टर्मिनलकडे काही वाचायला मागितले, तर कर्नल त्याला तेथल्या तेथे तहकूब करतो. मग हा गैरसमज टिकतो कसा? तो निम्म्या वेळा खरा ठरतो म्हणून. बॅशच्या अधिकृत माहितीपुस्तिकेप्रमाणे, संपर्क तुटून शेललाच सिगहप हा संकेत मिळाला, तर तो आपल्या सर्व कामांना तोच पोहोचवतो. मात्र 'एक्झिट' लिहून रीतसर निरोप घेतला, तर 'हपऑनएक्झिट' हा पर्याय मुद्दाम चालू केल्यावाचून तो तसे करत नाही. म्हणून एक्झिट लिहून गेलेल्याचा सर्व्हर सकाळी जिवंत सापडतो, खिडकी तशीच मिटणाऱ्याचा मेलेला, आणि दोघेही आपापला अनुभव शास्त्र म्हणून सांगत फिरतात.

यावर 'नोहप'चा तोडगा सुचवला जातो. त्याने सिगहपकडे दुर्लक्ष होते, हे खरे. परंतु मध्यरात्री प्रोग्राम कोसळला तर त्याला उठवणार कोण, आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर त्याला कामावर रुजू करून घेणार कोण? हा सारा बंदोबस्त ज्याच्याकडे असतो तो मुखत्यार निराळा. लिनक्सवर तो बहुधा २०१० साली अवतरलेला सिस्टमडी. गंमत अशी की, त्याच्या हवाली करतानाही काही जण सवयीने प्रोग्रामला दोनदा फोर्क करायला लावून पडद्याआड पाठवतात. साध्या प्रकारच्या सेवेत मूळ प्रोसेस संपताच सेवा आटोपली असे सिस्टमडी मानतो आणि मागे उरलेल्यांनाही बरखास्त करतो. नव्या पद्धतीच्या डीमनला, म्हणजे पडद्याआड चालणाऱ्या सेवेला, या कसरतीची गरज नाही, हे सिस्टमडीच्या 'डीमन' या मॅन पानावर लिहिलेले आहे. पण मॅन पान उघडतो कोण!

डीमन हे नाव पिशाचावरून आले, ही समजूतही अशीच निराधार आहे. एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधील मंडळींनी ते भौतिकीतल्या मॅक्सवेलच्या काल्पनिक डीमनवरून घेतले. १०२४ खालच्या पोर्टसाठी सर्व्हर रूट म्हणूनच चालवावा लागतो असेही नाही. लिनक्सवर तेवढ्यापुरता परवाना वेगळा देता येतो. आणि सेवा थांबवायला थेट ९ क्रमांकाचा संकेत धाडणे म्हणजे कारकुनाला दप्तर आवरण्याचीही सवड न देणे होय. सिस्टमडी स्वतः आधी १५ क्रमांकाचा संकेत देतो, मूळ मांडणीत ९० सेकंद थांबतो, आणि मगच ९ला हात घालतो.